आवाहन : मृगाआधी देवळामागच्या, आज्यांच्या बैठकीच्या खोलीवर पत्रे चढवायचे आहेत

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबईकर चाकरमानी मंडळींस सप्रेम नमस्कार.

सहाणेवरची (पालखीच्या ओट्यावरची) आपल्या आज्यांची सांजबैठक सर्वांच्या परिचयाची आहे. हरिपाठ होतो, मग कोण आलं, कोण नाही हे आपोआप कळतं. शिमग्यानंतर वरच्या वाडीच्या काकी दिसल्या नाहीत, म्हणून दोघी बॅटरी घेऊन गेल्या, तर काकी न्हाणीत पडलेल्या. रात्रीच दवाखान्यात पोचल्या. श्रावणात मात्र पावसामुळे बैठक बंद होती, आणि मधल्या वाडीची आत्या दोन दिवस तापाने फणफणत पडली तरी कुणाला पत्ता नव्हता. मुलगा मुंबईहून फोन करत राहिला, इथे वीज नाही, फोन बंद.

श्रावणबाळ योजनेच्या १५०० रुपयांसाठीही याच बायका एकमेकींना धरून तालुक्याला जातात. लावणी करून, भांडी घासून अंगठ्याच्या रेषा झिजल्या, यंत्र अंगठा घेत नाही, की पुन्हा हेलपाटा. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी मोफत आहे, पण ती फाट्यावर थांबते. पुढचा चढ हात धरूनच.

मुंबई मंडळाने जाजम आणि टाळ दिले. कै. गुरुजींच्या सूनबाईंनी सासूबाईंच्या स्मरणार्थ रक्तदाबाचं यंत्र दिलं, आशाताई दर गुरुवारी न चुकता सगळ्यांचं बीपी वहीत लिहितात. खालच्या वाडीच्या नानांनी घर बांधताना उरलेले चिरे स्वखर्चाने गाडीतून आणून टाकले, त्यावरच खोली उभी राहिली. पहिली पावती एका माहेरवाशिणीने ओटीत आलेल्या पैशांतून फाडली होती. ही माणसं आहेत म्हणून आपलं महिला मंडळ आहे.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. मागच्या गणपतीत आम्ही दारोदार फिरलो. क्रिकेटच्या सामन्यांची वर्गणी दोन दिवसांत जमली, त्याचा आनंदच आहे. आमचं पावतीपुस्तक जवळजवळ कोरं परत आलं. परतीच्या गाडीत तुमच्या पिशव्यांत कुळथाचं पीठ आणि आमसुलं याच आज्यांच्या हातांनी भरली होती.

वादळात खोलीचे पत्रे फुटले. पत्रे, वासे, मजुरी मिळून सुतारांचा अंदाज ६० हजार, जमा १८ हजार. रोख खजिनदार काकूंकडे, ऑनलाइनसाठी खाते क्रमांक गावच्या ग्रुपवर, पाठवल्यावर नाव व वाडी कळवावी, पावती मिळेल. मे महिन्यात गावी येणाऱ्यांनी दोन दिवस श्रमदान केलं तरी मजुरी वाचेल. पत्र्यांची आगाऊ रक्कम अक्षय्यतृतीयेपर्यंत द्यायची आहे.

आपली,
सचिव, महिला मंडळ