अकराव्या पानावरच्या खोडलेल्या शब्दासाठी

आदरणीय मॅडम,

माझ्या लेकीच्या आकड्यांबद्दलच्या तुमच्या शेवटच्या मेलला मी नुसतं ‘थँक यू’ लिहून पाठवलं होतं. त्या दिवशी त्यापलीकडे काही सुचलंच नाही. आज नीट लिहायला बसले आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

लेक सहा महिन्यांची होती. लस दिल्यावर ताप आला आणि त्या तापात पहिली आकडी. अर्धा तास थांबेना. तेव्हापासून मी वही ठेवली: वेळ, ताप, अंगाची कोणती बाजू उडतेय. जिथे जिथे दाखवायला नेलं तिथे ती वही माझ्या मांडीवरच राहिली. ‘तापातली आकडी आहे, मोठी झाली की थांबेल.’ एका डॉक्टरांनी तर घरच्यांसमोर सांगितलं की आईने ताप वेळेवर उतरवला असता तर एवढं झालं नसतं. कार्बामाझेपिन हे आकडीवरचं औषध सुरू केलं, आकड्या वाढल्या. वाढल्या म्हणून डोस वाढवला. तो राग अजून गेलेला नाही.

मग एका रात्री तुमचा शोधनिबंध हाती लागला. चारच पानांचा, पहिल्या वर्षात आकडी बाजू बदलते याबद्दलचा. निम्मा डोक्यावरून गेला, तरी वहीच्या पानांचे फोटो काढून तुम्हाला पाठवले. चौथ्या दिवशी उत्तर आलं, आणि त्यात एकच प्रश्न होता: ‘अकराव्या पानावर तुम्ही डावी लिहून खोडलंय आणि उजवी केलंय. तेव्हा नेमकं काय दिसलं होतं?’

मॅडम, त्या खोडलेल्या शब्दापर्यंत पोहोचायला आधीची दहा पानं वाचावी लागतात. माझं ते घाईतलं, वाकडंतिकडं अक्षर तुम्ही वाचलंत. मी कळवलं, आधी डावा हात उडत होता, तो थांबला आणि उजवा सुरू झाला. वाटलं, घाबरून मीच चुकीचं पाहिलं, म्हणून खोडलं. तुम्ही लिहिलंत, ‘खोडू नका. दोन्ही बरोबर आहे.’

माझ्यावर कोणीतरी विश्वास ठेवला होता.

पुढे तपासणीत एससीएन१ए जनुकातला बदल सापडला. ड्रॅव्हे सिंड्रोम, म्हणजे शार्लोट ड्रॅव्हे या डॉक्टरांनी १९७८ मध्ये वर्णन केलेला आजार. या जनुकाशी त्याचा संबंध २००१ मध्ये हाती आला. मेंदूतल्या आवर घालणाऱ्या पेशींचेच सोडियम चॅनेल, म्हणजे पेशीत सोडियम आत घेऊन विजेचा संदेश उठवणारी दारं, या बदलामुळे कमजोर पडतात, आणि कार्बामाझेपिन सोडियम चॅनेलच दाबतं. आकड्या का वाढल्या ते तेव्हा कळलं. २००६ मधला एक अभ्यासही वाचला. लसीने मेंदूला इजा झाली असं ज्यांच्याबद्दल मानलं जात होतं, अशा १४ जणांपैकी ११ जणांत याच जनुकात बदल निघाला. म्हणजे मी लस दिली म्हणून लेक आजारी पडली नव्हती. हे कळल्यावर कित्येक महिन्यांनी मी रात्रभर झोपले.

नंतर तुमची सगळी कारकीर्द शोधून वाचली. एच-इंडेक्स म्हणजे काय हेही तेव्हाच कळलं: तो ५० असेल तर किमान ५० निबंधांचा प्रत्येकी किमान ५० वेळा संदर्भ घेतलेला असतो. तुमचा आकडा मोठा आहे. सर्वाधिक सायटेशन, म्हणजे असे संदर्भ, आहेत ती आकडीच्या प्रकारांच्या वर्गीकरणावरच्या निबंधाला, आणि ते साहजिक आहे, त्याचा उल्लेख प्रत्येकालाच करावा लागतो. आमच्या उपयोगी पडलेला चार पानी निबंध मात्र यादीत अगदी खाली आहे. इतक्या दुर्मिळ आजारावर काम करणारेच थोडे, तर संदर्भ देणार कोण? तरीही तुम्ही त्यावर वर्षं घातलीत. मला तुमच्या विद्वत्तेइतकाच या गोष्टीचा आदर वाटतो. समोरच्याने लिहिलेलं मन लावून वाचायचं, मग ते नामवंत जर्नलमधलं असो की एका आईच्या वहीतलं, हा साधा सज्जनपणा आहे, आणि तो मला फार थोड्या जागी भेटला.

लेकीच्या आकड्या पूर्ण थांबलेल्या नाहीत. औषधं बदलल्यावर कमी झाल्या, आणि आल्या तरी लवकर आवरतात. वही चालू आहे. मागच्या आठवड्यातली नोंद अशी आहे: ‘डावी, मग उजवी. तीन मिनिटं.’ काही खोडलेलं नाही.

तुमची,
अकराव्या पानाची आई