सिस्टिम ॲडमिन ताईंना जाहीर आभार: रनटाइम लायब्ररींच्या जागेबद्दल

ताई,

स. न. वि. वि.

उबुंटू २२.०४ वर जीसीसी (सी++ चा कंपायलर) १३.२ सोर्समधून बांधायचा ठरला, तेव्हा प्रीफिक्स (तो जिथे बसवायचा तो फोल्डर) '/ऑप्ट/जीसीसी-१३.२' असाच द्यायचा, सिस्टिमच्या लायब्ररींना हात लावायचा नाही, हे तुम्ही ठणकावून सांगितलंत. त्याबद्दल आमच्या अख्ख्या टीमकडून मनापासून आभार.

मेख अशी, की उबुंटूसोबत येणारी लिबएसटीडीसी++ (सी++ प्रोग्राम चालताना लागणारी रनटाइम लायब्ररी) ही ६.०.३० आणि १३.२ ची ६.०.३२, पण दोघींचं सोनेम (आवृत्तीच्या फक्त मुख्य आकड्यासह नोंदलेलं नाव) एकच, शेवटी नुसता ६. लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणारा) नाव बघतो आणि आधी सापडेल ती, म्हणजे सिस्टिमचीच, उचलतो. म्हणून आयओस्ट्रीम घेतलेला चार ओळींचा प्रोग्रामसुद्धा बिनबोभाट कंपाइल होतो आणि चालवायला गेलं की 'जीएलआयबीसीएक्सएक्स_३.४.३२' (नव्या प्रतीतच असलेली आवृत्तीची खूण) सापडत नाही म्हणून अडून बसतो.

यावर सगळे 'एलडी_लायब्ररी_पाथ' (लोडरने आधी कुठे शोधायचं ते सांगणारं व्हेरिएबल) बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी फाइल) टाकून मोकळे होतात. तुम्ही तो काढायला लावलात, ते बरं झालं. तो त्या शेलमधल्या झाडून सगळ्या प्रोग्रामना लागतो, आणि क्रॉनच्या (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामांना नेमका दिसत नाही. त्याऐवजी तुमची स्पेक्सची (जीसीसीने लिंकरला काय द्यायचं ते सांगणाऱ्या फाइलीची) युक्ती: 'जीसीसी -डंपस्पेक्स'चं आउटपुट लिबजीसीसी.ए असलेल्या फोल्डरात 'स्पेक्स' नावाने ठेवायचं, 'लिंक_लिबजीसीसी'खाली जी '%डी' एवढीच ओळ असते तिच्यापुढे '-आरपाथ /ऑप्ट/जीसीसी-१३.२/लिब६४' जोडायचं. 'लिब' नव्हे, 'लिब६४'. इथे भलेभले चुकतात. यातून फाइलीत नोंदला जाणारा शोधमार्ग म्हणजे रनपाथ. तो फक्त ज्या फाइलीत आहे तिच्या थेट गरजांपुरताच चालतो, पुढच्या लायब्ररींना मिळत नाही. स्पेक्समुळे तो प्रत्येक एसओ (शेअर्ड लायब्ररी) फाइलीत आपोआप जातो. 'रीडएल्फ -डी' केलं की रनपाथची ओळ दिसते, आणि 'एलडीडी' कुठली प्रत उचलली ते सांगतं.

एका ठिकाणी मात्र हे पुरत नाही. पायथनमध्ये आधीच्या एखाद्या मॉड्यूलने सिस्टिमची लिबएसटीडीसी++ लोड केली असेल, तर त्याच सोनेमची दुसरी प्रत लोडर घेत नाही आणि आपलं मॉड्यूल आपटतं. नवी प्रत जुन्या प्रोग्रामना चालते, उलटं चालत नाही. म्हणून तिथे नवीच आधी लोड व्हायला हवी. त्यासाठी 'एलडी_प्रीलोड', पण त्या एका कमांडपुरताच.

ग्राहकाच्या मशीनवर पाठवताना लिबएसटीडीसी++ आणि लिबजीसीसी_एस दोन्ही प्रोग्रामच्या फोल्डरशेजारच्या 'लिब' फोल्डरात, आणि आरपाथ '$ओरिजिन/../लिब' ('$ओरिजिन' म्हणजे प्रोग्राम असलेला फोल्डर). मेकफाइलमध्ये डॉलर दोनदा आणि भोवती एकेरी अवतरण, नाहीतर मेक आणि शेल मिळून तो गिळतात. जीलिबसी (सी ची मूळ लायब्ररी) मात्र अशी सोबत द्यायची नाही, ती लोडरशी जोडलेली असते.

आणि हो, लिब६४ मधली ती '-जीडीबी.पीवाय' फाइल, जीडीबी डीबगरला सी++ चे प्रकार वाचायला शिकवणारी. एलडीकॉन्फिग (लोडरसाठी लायब्ररींची यादी करणारा) तिच्यावर 'ही एल्फ फाइल नाही' म्हणून कुरकुरतो. आम्ही एलडीकॉन्फिगला तो फोल्डर दाखवलाच नाही, त्यामुळे ती जागच्या जागी आहे आणि डीबगरमध्ये व्हेक्टर नीट वाचता येतात.

आपली,
बिल्ड टीम