रूटची घडी घातली म्हणजे कुलूप लागलं असं नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या मंगळवारच्या पुरवणीत स्कूल बस ट्रॅकिंगवरचा लेख वाचला, सोबत एका पालकाच्या मोबाईलचा फोटोही होता. लेख चांगलाच आहे, बस दहा मिनिटं लेट झाली की आईच्या पोटात कसा गोळा येतो ते बरोबर पकडलंय. पण एका वाक्यापाशी माझा चहा तसाच राहिला. बसचा रूट म्हणे लिंकमध्ये सांकेतिक भाषेत असतो, त्यामुळे बाहेरच्या कुणाला तो कळायचा प्रश्न नाही, अशा अर्थाचं ते वाक्य होतं. हे साफ चुकीचं आहे आणि वाचून कितीतरी पालक निश्चिंत झाले असतील म्हणून हे पत्र.

मी गेली अकरा वर्षं एका छोट्या कंपनीत टेम्पो आणि व्हॅन ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर लिहिते आणि त्या लिंकच्या शेपटीला जे अक्षरांचं कडबोळं दिसतं ना, कंस, ॲट, तिरक्या रेघा, मधेच मोठा एफ, ते दिवसातून शंभरदा माझ्या डोळ्यासमोरून जातं. त्याला एन्कोडेड पॉलीलाइन म्हणतात. ही पद्धत गुगलने आणली, ती कशी चालते ते त्यांनीच उघडपणे सगळ्यांसाठी लिहून ठेवलंय, आणि ती बांधायला-सोडायला पायथॉन, जावास्क्रिप्ट, जावा, ज्या प्रोग्रामिंग भाषेत म्हणाल तीत फुकट लायब्रऱ्या मिळतात. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नाही हो, दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या तयार कोडचं गाठोडं. ते आणायचं, एक ओळ लिहायची, की रूटचे सगळे अक्षांश-रेखांश ओळीने समोर. पासवर्ड नाही, चावी नाही, काही नाही. मुळात हे केलं गेलं ते लपवायला नाहीच, जागा वाचवायला. साडीची घडी घालून कपाटात ठेवतो तसं. घडी घातलेली साडी कपाटात कमी जागा घेते, पण कुणीही उचलून झटकली की पूर्ण उलगडते.

आता ही घडी कशी घालतात ते सांगते, कारण ते कळलं की भीती का वाटते तेही कळेल, आणि खरं सांगायचं तर मला ते सांगायला आवडतं.

माझ्या सासूबाई लालबागच्या. त्या पत्ता सांगताना म्हणतात, भारतमाता सिनेमाला उतर, सरळ चाल, दुसऱ्या गल्लीत वळ, मग दोन बिल्डिंगा सोडून. दर वळणावर 'लालबाग, मुंबई ४०००१२' असा पूर्ण पत्ता त्या म्हणत नाहीत, आधीच्या जागेपासून किती पुढे तेवढंच सांगतात. पॉलीलाइन हेच करते. रूटचा पहिला पॉइंट पूर्ण लिहायचा, त्याच्यापुढे फक्त फरक.

सीएसएमटीवरून क्रॉफर्ड मार्केटला निघालात असं धरा. ढोबळ आकडे घेते, उत्तरेला ०.००७५ अंश आणि पश्चिमेला ०.००१ अंश. एक लाखाने गुणलं की ७५० आणि उणे १००. दोन्हीची दुप्पट करायची, १५०० आणि उणे २००. कीबोर्डवरच्या अक्षरात उणे चिन्हाला जागा कुठून आणणार, म्हणून उण्या आकड्याचे सगळे बिट, म्हणजे संगणकाच्या आतले शून्य-एक, उलटे करतात आणि उणे २०० चे १९९ होतात. म्हणजे शेवटी सम आकडा आला तर अधिक, विषम आला तर उणे, चिन्हाची कटकटच मिटली. मग त्या आकड्याचे ३२-३२ च्या हिशोबाने वाटे करायचे. १५०० म्हणजे २८, अधिक १४ गुणिले ३२, अधिक १ गुणिले १०२४, म्हणून वाटे तीन, २८, १४ आणि १. शेवटचा सोडून प्रत्येक वाट्यात ३२ मिळवायचे, ती खूण, की थांबा अजून आहे. आणि मग सगळ्यांत ६३ मिळवून त्या नंबरचं कीबोर्डवरचं जे अक्षर असेल ते लिहायचं (संगणकात प्रत्येक अक्षराला एक ठरलेला नंबर असतो). तीन वाट्यांचे झाले महिरपी कंस, छोटा एम आणि ॲट. १९९ चे झाले छोटा एफ आणि मोठा ई. संपलं. सीएसएमटी ते क्रॉफर्ड मार्केट पाच अक्षरांत, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटचे पूर्ण अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत स्वल्पविरामासकट लिहिले असते तर सतरा लागली असती. (मुंबईतली पहिली मोटार बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशीच धावली होती, तेव्हा कंडक्टरला रूट तोंडपाठ असायचा, ही भानगडच नव्हती.)

उलगडताना हेच उलटं, ६३ वजा करा, ३२ ची खूण बघा, वाटे जोडा, सम का विषम ते बघा, विषम असेल तर बिट परत उलटे करा, निम्मे करा, लाखाने भागा. आठवीतली मुलगी वहीत करेल. माझ्या मुलीने केलंय, एका रविवारी पाऊस होता आणि वायफाय गेलं होतं म्हणून.

आता मुद्द्यावर येते. लाखाने गुणतात म्हणजे दशांशाच्या पुढे पाच घरं ठेवतात, आणि पाचवं घर म्हणजे जमिनीवर साधारण १.१ मीटर. म्हणजे ही घडी उलगडली की नुसतं विक्रोळीचं कन्नमवार नगर असं दिसत नाही, कुठल्या बिल्डिंगचं कुठलं गेट ते दिसतं. आमच्याही पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जूनमध्ये अशी लिंक आली होती, शाळेचं आणि ज्यांनी ॲप बनवलं त्यांचं नाव इथे घेत नाही. मी शेपटी कॉपी केली आणि ऑफिसच्या लायब्ररीत टाकली, चहा येईपर्यंत अख्खा रूट मॅपवर. त्यात स्टॉपची नावं नव्हती, मुलांची नावं नव्हती, वेळा नव्हत्या, नुसती एक रेघ. पण ती रेघ मेन रोड सोडून तीन ठिकाणी बंद गल्लीत शिरते आणि त्याच वाटेने परत बाहेर येते. बस बंद गल्लीत कशाला जाईल? तिथे मूल राहतं म्हणून. त्या तीनपैकी एक गल्ली आमची आहे आणि आमच्या गल्लीतून त्या बसला फक्त एकच मुलगी जाते.

ग्रुपवर लिहिलं तेव्हा एका बाबांनी उत्तर दिलं की ताई एवढं कोण बसून बघतंय. बघतात हो. स्ट्राव्हा नावाचं धावण्या-सायकलिंगचं ॲप आहे, त्यांनी २०१७ मध्ये सगळ्यांच्या रूटचा मिळून एक हीटमॅप काढला (जिथे जास्त लोक धावले ती वाट जास्त उजळ, असा नकाशा), एकाचंही नाव न टाकता, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांनी त्यावरून परदेशातले लष्करी तळ दाखवून दिले, कारण ओसाड भागात जॉगिंग करणारे सैनिकच असणार. तिथे रेघच बोलली, इथेही रेघच बोलते.

म्हणून काय करायचं? ट्रॅकिंग बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही, मीच रोज बघते बस गांधीनगरच्या सिग्नलला आली का. पण त्याच घडीत एक कळ आहे. किती दशांश ठेवायचे हे आपल्या हातात असतं, याला प्रिसिजन म्हणतात. पाच ऐवजी तीन ठेवा, म्हणजे हजारानेच गुणा, की एका पायरीला साधारण ११० मीटर होतात. बस एलबीएस रोडवर कुठे आहे ते तेवढ्यात आरामात कळतं आणि छोट्या गल्ल्यांत शिरणं-निघणं बहुतेक पुसलं जातं. शिवाय पालकांना पाठवायच्या रेघेची दोन्ही टोकं छाटून टाकता येतात. आणि सगळ्यात साधं म्हणजे लिंकमध्ये रूट घालायचाच नाही, तो सर्व्हरवर ठेवायचा आणि लॉगिन केल्यावरच द्यायचा. कायदाही आता आहे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी सर्वसाधारणपणे पालकांच्या संमतीची तरतूद आहे, पण मला वाटतं कायद्याच्या आधी हे प्रिसिजनचं कळलं तर काम लवकर होईल.

मात्र ही कळ फिरवताना सांभाळून, कारण ज्या आकड्याने घडी घातली त्याच आकड्याने उलगडावी लागते, आणि तो आकडा त्या अक्षरांत कुठेही लिहिलेला नसतो. आमची स्वतःची फजिती सांगते. काही रूट इंजिनं (म्हणजे रस्ता शोधून देणारी सॉफ्टवेअर) पाच घरं धरतात, काही सहा. वालहल्ला सहा देतं, ओएसआरएमला सांगाल तसं पाच किंवा सहा. आमच्या कोडमध्ये सहा होतं आणि एका शुक्रवारी रात्री ज्या सर्व्हरवरून रूट येत होते तिथे कुणीतरी सेटिंग बदलून पाच केलं. शनिवारी सकाळी सातला पाण्याच्या बाटल्यांच्या टेम्पोवाल्याचा फोन, मॅडम, माझी गाडी दादरवरून मुलुंडला निघाली ती आफ्रिकेत दाखवतंय, डिझेल कोण देणार? आधी वाटलं चेष्टा करतोय. पण दादर म्हणजे १९.०१८ उत्तर, ७२.८४३ पूर्व. दहाने भागलं की १.९०१८ आणि ७.२८४३, म्हणजे गिनीच्या आखातात, प्रिन्सिपे बेटाच्या जवळ, भर समुद्रात. आणि गंमत म्हणजे रूटचा आकार जवळपास तोच, शीवचं वळण, घाटकोपर, सगळं जागच्या जागी, फक्त दहा पट लहान. आमचे साहेब ग्राहकाला सांगत होते की सॅटेलाइटचा प्रॉब्लेम आहे. सॅटेलाइट बिचारा वर आपलं काम करत होता. मी एका ठिकाणी ६ चा ५ केला आणि टेम्पो मुलुंडला पोचला. उलटी चूक झाली असती तर अक्षांश १९० आले असते, आणि अक्षांश तर ९० ला संपतात, मग मॅप नुसता पांढरा.

अजून एक खोड आहे हिची. प्रत्येक पॉइंट आधीच्यावर रेलून उभा असतो, त्यामुळे मधलं एक अक्षर गळलं की पुढचं सगळं भरकटतं. आणि अक्षरं गळतात, कारण ९२ नंबरचं अक्षर म्हणजे ती उलटी तिरकी रेघ, जी बऱ्याच प्रोग्रामिंग भाषा खास खूण समजून गिळून टाकतात. ती गेली की एक आकडा गायब होतो किंवा दोन आकडे एकमेकांत मिसळतात, पुढचे अक्षांश रेखांशाच्या जागी जाऊन बसतात, आणि कुर्ल्यापर्यंत शहाण्यासारखी आलेली बस एकदम फिरकी घेते. डिजिटल नकाशे बनवणाऱ्या हिअर कंपनीने यावर फ्लेक्सिबल पॉलीलाइन काढलीय, तीही उघडीच. तिच्यात सुरुवातीलाच प्रिसिजन लिहिलेलं असतं, अक्षरंही फक्त इंग्रजी बाराखडी, आकडे, डॅश आणि अंडरस्कोर, लिंकमध्ये बिनधास्त जातात. वर उंचीही टाकता येते, जी मुंबईत हवीच, कारण मोहम्मद अली रोड आणि त्याच्या डोक्यावरचा जे. जे. फ्लायओव्हर मॅपवर एकच रेघ दिसतात, आणि गाडी वरून गेली तर भेंडी बाजारला उतरायचं विसरा. पण लक्षात घ्या, तीही घडीच. जास्त नीट घातलेली, एवढंच.

लेखात चूक झाली त्यात तुमच्या प्रतिनिधीचा फार दोष नाही. त्यांना ज्या कुणी माहिती दिली त्याने एन्कोडिंग आणि एन्क्रिप्शन हे दोन शब्द एकच समजून सांगितले असणार, आमच्या क्षेत्रातले लोकसुद्धा मीटिंगमध्ये हे सर्रास करतात. मराठीत दोन्हीला सांकेतिक म्हणून मोकळं होतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. पहिल्याला बांधणी म्हणा, दुसऱ्याला कुलूप म्हणा, सगळ्यांना कळेल.

पुढच्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापलीत तर बरं होईल. आणि त्याआधी, शक्य झालं तर आजच, लेखासोबतचा तो मोबाईलचा फोटो तुमच्या वेबसाइटवरून काढा. त्यात लिंकची शेपटी पूर्ण दिसतेय. मी मोठा करून एकेक अक्षर टाइप केलं, मोठा आय आणि छोटा एल सारखाच दिसतो म्हणून दोनदा चुकले, तिसऱ्यांदा रेघ बरोबर रस्त्यावर बसली. ती बस पहिल्यांदा कुठल्या गेटवर थांबते ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

आपली,
एक वाचक आणि एका पाचवीतल्या मुलीची आई,
विक्रोळी पूर्व, मुंबई