परदेशातल्या स्वयंसेवकाचा वाढदिवस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2026 हे वर्ष शाश्वत विकासासाठीचे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून घोषित केले आहे. या निमित्ताने स्वयंसेवेच्या महत्त्वाविषयी बरेच लिहिले जाईल. मला मात्र एका लहान वाटणाऱ्या गोष्टीकडे आपल्या वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, ती म्हणजे घरापासून दूर, परक्या देशात सेवाकार्यासाठी राहणाऱ्या माणसाचा वाढदिवस. मी स्वतः दोन वर्षे परदेशातील एका विस्थापितांच्या वस्तीत स्वयंसेविका म्हणून काम केले. तिथे आलेल्या दोन वाढदिवसांपैकी पहिला मी कोणालाही न सांगता काढला आणि दुसरा तिथल्या मित्रमैत्रिणींसोबत साजरा केला.

पहिल्या वर्षी गप्प राहण्यामागे संकोच होता. ज्यांचे घरदार गेले आहे अशा लोकांमध्ये राहून आपल्या जन्मदिवसाचे कौतुक कसे करून घ्यायचे, आपण इथे देण्यासाठी आलो आहोत, घेण्यासाठी नाही, असे मला मनापासून वाटत होते. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा उशिरापर्यंत काम केले, खोलीवर परतले आणि फोनवर आलेले संदेश वाचत बसले. घरच्यांनी त्यांच्याकडे मध्यरात्र होताच शुभेच्छा पाठवल्या होत्या, पण माझ्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. त्यामुळे माझा दिवस उजाडेपर्यंत त्यांच्या लेखी तो बराचसा सरलेला होता. एकच तारीख पृथ्वीवर कुठे ना कुठे एकूण 50 तास चालू असते, असे म्हणतात ते खरेच आहे, परंतु त्या 50 तासांपैकी एकही तास कोणाच्या सोबतीने गेला नाही, तर तो दिवस फार लांब होतो.

दुसऱ्या वर्षी मी सांगितले नाहीच, पण व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज भरताना माझ्या एका सहकारी मैत्रिणीने जन्मतारीख वाचली आणि ती लक्षात ठेवली. काम संपल्यावर आठ-नऊ जण कार्यालयाच्या मागच्या अंगणात जमले. त्यांनी त्यांच्या भाषेत गाणे म्हटले, वस्तीतल्या एका आजींनी स्वतः शिवलेली कापडी पिशवी मला दिली, आणि ती घेताना माझ्या लक्षात आले की वर्षभर या आजींच्या हातात मीच काही ना काही ठेवत आले होते. त्यांनी काही द्यावे आणि मी ते आनंदाने स्वीकारावे, असा प्रसंग त्या संध्याकाळपर्यंत आलाच नव्हता. संकोचापोटी वाढदिवस लपवून आपण साधेपणा पाळतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात देण्याचा अधिकार मी माझ्याकडेच ठेवून घेतला होता.

त्या संध्याकाळची दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. बोलता बोलता नोंदणीच्या कामात माझ्याबरोबर असलेल्या एका मित्राने विचारले, की तुला तुझी तारीख इतकी नेमकी कशी माहीत? त्याच्या कागदपत्रांवर 1 जानेवारी ही जन्मतारीख होती. जमलेल्यांपैकी आणखी दोघांच्या कागदांवरही तीच होती. ज्यांच्या जन्माची नोंद झालेली नसते किंवा जे कागदांशिवाय सीमा ओलांडतात, त्यांच्या नावापुढे अनेक देशांत वर्षाचा पहिला दिवस लिहिला जातो. प्रत्येक मुलाची नोंद जन्मानंतर लगेच व्हावी, असे 1989 च्या बालहक्क कराराचे सातवे कलम सांगते. तरीही युनिसेफच्या 2024 मधील अंदाजानुसार जगातील पाच वर्षांखालील सुमारे 15 कोटी मुलांची नोंद झालेली नाही. हा आकडा मला ठाऊक होता. मात्र त्या मित्राबरोबर मी अकरा महिने काम करत होते, नोंदवहीत त्याच्या नावापुढची ती तारीख रोज पाहत होते, आणि त्याविषयी कधी विचारले नव्हते. आपला जन्म पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे झाला, एवढे त्याला आईकडून कळले होते. ते त्याने आम्हाला त्या अंगणात पहिल्यांदा सांगितले. कामाच्या वेळेत ही गोष्ट निघाली नसती.

म्हणूनच स्वयंसेवक पाठवणाऱ्या आणि त्यांना सामावून घेणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की त्यांनी या दिवसाकडे वैयक्तिक बाब म्हणून दुर्लक्ष करू नये. पासपोर्ट, व्हिसा, विमा, करारपत्र, अशा प्रत्येक कागदावर स्वयंसेवकाची जन्मतारीख असते, पण ती वाचून त्या दिवशी त्याच्याजवळ कोण असेल, असा प्रश्न कोणी विचारत नाही. अमेरिकेच्या पीस कोअरमध्ये प्रशिक्षणासह 27 महिन्यांची सेवा असते, म्हणजे ती पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाचे किमान दोन वाढदिवस परदेशातच येतात. अशा काळासाठी समन्वयकाने एका सहकाऱ्याला आधी कल्पना द्यावी, शक्य असेल तर एकट्याने करायचे दूरचे काम त्या दिवशी देऊ नये, आणि ज्याला खरोखरच दिवस शांतपणे घालवायचा आहे त्याला तसा घालवू द्यावा, इतके पुरे आहे. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

मैत्री ही स्वयंसेवेच्या कामात ओघाने मिळणारी गोष्ट आहे, असे मानणाऱ्यांनी या चळवळीचा आरंभ आठवावा. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, पिएर सेरेसोल या स्विस शांतिवाद्याने फ्रान्समध्ये व्हर्डनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात पहिले आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक शिबिर भरवले. कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांतील माणसांनी एकत्र राहून बांधकाम करावे, हाच त्यामागील हेतू होता, आणि त्या शिबिरात जर्मन स्वयंसेवकही होते.

साजरे कसे करावे, याविषयी मात्र मला ठाम मत नोंदवायचे आहे. ज्या मुलांसाठी आपण काम करतो त्यांना गोळा करून, त्यांच्यामध्ये उभे राहून छायाचित्रे काढायची आणि ती समाजमाध्यमांवर टाकायची, ही पद्धत थांबली पाहिजे. त्या मुलांना नकार देण्याची मोकळीक नसते, अनेकदा त्यांचे पालक जवळ नसतात, आणि विस्थापित कुटुंबातील मुलाचा चेहरा व ठिकाण जगजाहीर होणे त्याला धोक्याचे ठरू शकते. खर्चाचेही तसेच आहे. स्वयंसेवकाला पगाराऐवजी निर्वाह भत्ता मिळतो, तरी तो काही ठिकाणी स्थानिक सहकाऱ्याच्या कमाईपेक्षा अधिक असतो. ज्याची परतफेड करणे समोरच्याला शक्य नाही असा समारंभ मित्रांना अवघडून टाकतो. आमच्या अंगणात एक चटई आणि एक दिवा होता, आणि गप्पा मध्यरात्रीपर्यंत चालल्या.

घरच्यांनाही एक सुचवावेसे वाटते. मुलगा किंवा मुलगी दूर असताना त्या दिवशी तिचा चेहरा पाहण्याची ओढ मी समजू शकते. माझ्या आईचीही तीच ओढ होती. तरीही शक्य असल्यास व्हिडिओ कॉल सकाळी करावा आणि संध्याकाळ तिथल्या माणसांसाठी मोकळी सोडावी. दुसऱ्या वर्षी आईने तसे केले. तिने फोनवर मला एवढेच विचारले, की आज तुझ्याजवळ कोण कोण असणार आहे, आणि मी सांगितलेली सगळी नावे तिने लिहून घेतली. ती वही अजून आमच्या घरी आहे. त्या मित्राच्या नावापुढे तिने नंतर ‘पावसाळ्याचा पहिला आठवडा, पहाट’ असे लिहिले, आणि दर वर्षी त्या आठवड्यात आम्ही दोघी त्याला फोन करतो.

आपली नम्र,
एक माजी स्वयंसेविका