जनरल पिकार यांच्यावर अन्याय नको

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला द्रेफस प्रकरणावरचा लेख आवडला. फ्रेंच सैन्यातले ज्यू अधिकारी कॅप्टन द्रेफस यांना १८९४ मध्ये जर्मनीसाठी हेरगिरी केल्याच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली आणि दूरच्या डेव्हिल्स बेटावर कैदेत पाठवले गेले, ते हे प्रकरण. द्रेफस आणि त्यांच्या बाजूने लिहिणारे कादंबरीकार एमिल झोला यांच्याविषयी त्यात भरपूर आहे. पण खरा हेर ज्यांनी शोधून काढला, त्या फ्रेंच सैन्याधिकारी जॉर्ज पिकार यांची ‘ज्यूंचे कैवारी’ एवढ्यावर बोळवण केली आहे. तेही खरे नाही.

पिकार यांचा जन्म १८५४ सालचा, स्ट्रासबर्गचा. फ्रान्स हरल्यावर १८७१ मध्ये ते शहर जर्मनीकडे गेले. पिकार फ्रेंच सैन्यात चढत गेले, युद्धविद्यालयात शिकवू लागले. द्रेफस तिथे त्यांचे विद्यार्थी होते. ज्यूंविषयीचा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा आकस पिकार यांच्याही मनात होता आणि १८९४ च्या खटल्यानंतर द्रेफस दोषी आहेत असेच ते मानत होते.

१८९५ मध्ये ते सैन्याच्या हेरखात्याचे प्रमुख झाले. पुढच्या वर्षी जर्मन वकिलातीतून एका पत्राचे फाडलेले तुकडे हाती आले. जोडून पाहिले तर पत्ता निघाला फ्रेंच सैन्यातल्याच मेजर एस्तरहाझीचा. पिकार यांनी त्याची पत्रे मिळवली आणि ज्या चिठ्ठीवरून द्रेफस यांना शिक्षा झाली होती तिच्याशी ताडून पाहिली. अक्षर तेच! मग त्यांनी खटल्यातली गुप्त फाइल उघडली. द्रेफसविरुद्ध तिच्यात काहीच नव्हते. तो ज्यू बेटावर राहिला तर तुमचे काय जाते, असे वरिष्ठांनी विचारल्याचे पिकार यांनी पुढे सांगितले.

ते गप्प बसले नाहीत. आधी ट्युनिशियाला रवानगी, मग १८९८ मध्ये बडतर्फी आणि जवळजवळ वर्षभर तुरुंग. ज्याच्याबद्दल जिव्हाळा नाही त्याच्यासाठी माणूस एवढे सोसतो, म्हणून मला पिकार फार मोठे वाटतात.

पण पुढचेही सांगायला हवे. १९०६ मध्ये द्रेफस निर्दोष ठरले. पिकार ब्रिगेडियर जनरल झाले आणि त्याच वर्षी पंतप्रधान क्लेमांसो यांच्या मंत्रिमंडळात युद्धमंत्री. द्रेफस यांना मेजर केले, पण कैदेतली वर्षे ज्येष्ठतेत धरली नाहीत. त्यांनी दाद मागितली, तेव्हा मंत्री होते पिकार. त्यांनी नकार दिला आणि १९०७ मध्ये द्रेफस निवृत्त झाले. हा नकार मला आजही खटकतो.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर पिकार यांचा तुरुंगवास आणि मंत्रिपदावरचा हा नकार, दोन्ही त्यात यावेत, ही विनंती.

— एक वाचक, सातारा