काळा डाग दिसेपर्यंत थांबू नका

महोदय,

सायनसमध्ये बुरशी शिरल्याची बातमी आली की आपल्यासह सगळीच वर्तमानपत्रं ‘काळी बुरशी’ असा मथळा देतात. हे नाव आता टाळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मी लॅबमध्ये अशा नमुन्यांच्या स्लाइड बघते. म्युकर नावाची ही बुरशी काळी नसते; काळं पडतं ते मेलेलं मांस. बुरशी रक्तवाहिनीत घुसते, तिथे गुठळी होते, रक्त पोचेनासं होतं आणि नाकातला किंवा टाळूचा तेवढा भाग मरतो. म्हणजे काळा डाग ही आजाराची सुरुवात नव्हेच.

एकदा एका बाईंचा तपासणीसाठी काढलेला तुकडा घेऊन त्यांचा मुलगा खिडकीशी आला होता. शुगर बेसुमार, त्यात स्टेरॉइड चालू. “तोंड पुसताना उजव्या गालाला टॉवेल लागलेला कळत नाही, असं आई आठवडाभर म्हणत होती. पण काळं काहीच नव्हतं हो,” तो म्हणाला. घरी वाफ देणं चाललं होतं. बाई वाचल्या, उजवा डोळा गेला.

तो तुकडाही आला होता फॉर्मॅलिनमध्ये बुडवून! पॅथॉलॉजीला फॉर्मॅलिन लागतं हे खरं, पण त्यात बुरशी मरते, मग कल्चर (म्हणजे बुरशी वाढवून ओळखणं) कशाचं करायचं? एक तुकडा सलाइनमध्ये वेगळा पाठवावा, हे किती वेळा सांगायचं?

ताज्या तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की थोड्याच वेळात धागे दिसतात. म्युकरचे रुंद, फितीसारखे, बहुधा काटकोनात फुटलेले; अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे बारीक, पेरं असलेले. हा फरक मोलाचा, कारण अ‍ॅस्परजिलसवर चालणाऱ्या व्होरिकोनाझोल या औषधाला म्युकर दाद देत नाही. तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे औषध आधी लागतं, आणि दाट संशय असेल तर कल्चरसाठी न थांबता. रक्ताचा कर्करोग असलेल्या म्युकरच्या रुग्णांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे औषध सुरू व्हायला सहा किंवा जास्त दिवस लागले, त्यांच्यातले १२ आठवड्यांत सुमारे ८३ टक्के दगावले. लवकर मिळालेल्यांत ४९ टक्के.

नुसत्या औषधानं मात्र भागत नाही. मेलेल्या भागात रक्तच जात नाही, तर औषध कुठून जाणार? म्हणून तो भाग काढावा लागतो, कधी दोन-तीनदा. सोबत शुगर आटोक्यात आणणं, जमेल तितकं स्टेरॉइड कमी करणं (ते डॉक्टरांनी, आपण नव्हे) आणि या औषधामुळे किडनी व पोटॅशियमवर लक्ष हवंच.

शुगर हाताबाहेर गेलेले, किमो चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, यांचा गाल बधिर झाला, डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा वरचे दात हलू लागले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून नाक बघायला हवं. सुरुवातीचा सीटी स्कॅन साध्या सायनससारखा दिसून फसवू शकतो.

पुढच्या बातमीत काळवंडलेल्या चेहऱ्याचा फोटो नको. त्या जागी बधिर गालाबद्दल दोन ओळी छापाल का?

– एक लॅब टेक्निशियन