कच्च्या कॉर्नस्टार्चमागचे कारण समजावणाऱ्या आहारतज्ज्ञांस

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

आमच्या मुलीला ग्लायकोजेन (शरीरात साठवलेल्या साखरेचे रूप) साठवणीचा पहिल्या प्रकारचा आनुवंशिक आजार असल्याचे निदान झाले, तेव्हा औषध कोणते, एवढेच आम्ही विचारत होतो. आपण कच्चे कॉर्नस्टार्च लिहून दिलेत आणि आमचा विश्वासच बसेना. यकृतात साठा भरपूर असूनही ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे एन्झाइम काम करत नसल्याने त्याची साखर रक्तात उतरत नाही, हे आपण कुलूप लावलेल्या कोठाराचे चित्र काढून समजावलेत.

कच्चे स्टार्च सावकाश पचते आणि काही तास थोडी थोडी साखर पुरवत राहते. शिजवले की तो गुण जातो. म्हणून ते थंड पाण्यातच कालवायचे, अंदाजे चमचे न भरता वजनकाट्यावर ग्रॅममध्ये तोलायचे आणि पेल्याच्या तळाशी बसलेला साका पुन्हा पाणी घालून पाजायचा, हे आपण स्वतः करून दाखवलेत. १९८४ साली हा उपाय प्रसिद्ध होण्यापूर्वी अशा मुलांना रात्रभर नळीवाटे आहार द्यावा लागे, हे ऐकल्यावर गजर लावून उठण्याबद्दलची आमची कुरकुर थांबली.

दूध, फळे आणि साखर यांवर बंधने का, हेही सांगायचे आपण टाळले नाहीत. त्यांतील गॅलॅक्टोज व फ्रुक्टोज यांपासून या मुलांत ग्लुकोज मोकळे होत नाही, उलट रक्तात लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे रूप) वाढते. आणि ही बंधने पाळताना जे कमी पडते, त्यासाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व व इतर पूरके. गोळ्यांची यादी हाती देऊन मोकळे होणे आपल्याला सोपे होते. कारण कळल्यामुळेच ‘एवढ्याशा गोडाने काय होते’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना आम्ही न चिडता उत्तर देऊ शकलो.

मात्र सर्वांत मोठे ऋण आपण लिहून दिलेल्या त्या एका पानाचे आहे. उलट्यांमुळे स्टार्च पोटात ठरेना, तेव्हा ‘ताबडतोब शिरेतून ग्लुकोज द्यावे, लॅक्टेटयुक्त सलाईन देऊ नये’ एवढे वाचून रात्रपाळीच्या डॉक्टरांनी, हा आजार पूर्वी पाहिलेला नसतानाही, लगेच उपचार सुरू केले.

तिचे वजन वाढले आहे, त्यामुळे मात्रा पुन्हा ठरवावी लागेल. साखरेच्या नोंदींची वही घेऊन आम्ही येतच आहोत. त्या पानाचा नमुना इतर पालकांना देण्याची परवानगीही तेव्हा मागू.

आपली कृतज्ञ,
एका मुलीची आई